गिऱ्हाईक फोन उचलत नाही म्हणतोस?

कळंब, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून हसू आलं. पुण्यात फ्लॅट दाखवला की गिऱ्हाईक फोनच उचलत नाही म्हणतोस. आमच्याकडे उलटं आहे बाप्पा! इथलं गिऱ्हाईक पिच्छा सोडत नाही. चिंतामणीच्या देवळात भेटतं, आठवडी बाजारात भेटतं, जागेच्या कागदावर नाव चढवायचा फेरफार अडकला तर घरी येऊन बसतं.

2024 मध्ये वर्ध्याहून इथवर रेल्वे आली आणि मोटारसायकल असलेला जो तो माझ्यासारखा जागेचा दलाल झाला. पण प्लॉट घेणारे तेच, लेकरांच्या शाळेपायी तालुक्याला येणारे कास्तकार नाहीतर मास्तर. कापूस विकला की हातात पैसा, म्हणून सौदे दिवाळीनंतरच. नवरा भाव विचारतो. बायको प्लॉटभर फिरते आणि विचारते, "पावसाचं पानी कोनीकडं जाते जी? मुरूम किती फुटावर लागते?" खरा सवाल तिचाच. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया खालच्या कडक मुरुमापर्यंत न नेता वरच्यावर ठेवला की भिंती तडकतात. म्हणून मी आधी शेजारी बांधकाम केलेल्याला गाठतो, त्याचा पाया किती खोल गेला ते विचारून ठेवतो. बाईचं समाधान झालं की नवरा भावावरून फार ताणत नाही.

मागे एका मास्तरांना घर पसंत पडलं. विकणारा इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घ्यायला उतावीळ. कागद पाहिले तर बापाच्या मागे वारस म्हणून दोन बहिणींची नावं. म्हणे, "बहिनी माह्या शब्दाबाहेर नाहीत, सह्या आनून देतो." मी म्हटलं, सह्या नको, बहिणीच आण. (2005 पासून वडिलोपार्जित इस्टेटीतही लेकीचा हक्क लेकाएवढाच आहे, पण रक्षाबंधनाला साडी दिली की हक्क फिटला असं मानणारे भाऊ अजून आहेत.) तो गावभर माझ्या नावाने शंख करत फिरला. मास्तरांचे पैसे मात्र खिशातच राहिले. पुढे बहिणी आल्या, आपापल्या हिश्श्याचे चेक घेऊन सह्या करून गेल्या, घर मास्तरांनीच घेतलं. आता त्यांच्या शाळेतला कोणीही घर पाहायला निघाला की आधी मला फोन येतो. आणि शंख करणारा तो भाऊ? त्याने परवा स्वतःच्या साळ्याला पाठवलं!

दलालीचं रडगाणं मात्र इथेही तेच. दोन टक्के परका मुकाट्याने देतो. "तू तं घरचाच" म्हणणारा रजिस्ट्रीच्या दिवशी चहा पाजून वाटेला लावतो. म्हणून नातेवाइकांशी मी पहिल्या दिवशीच बोलून घेतो, तोंड वाकडं झालं तरी.

तू गिऱ्हाइकांना रोज नव्या फ्लॅटचे फोटो धाडतोस ना, ते जरा थांबव. ज्यांना मागच्या वर्षी घर दिलंस त्यांना विचार, सोसायटीच्या कागदावर नाव चढलं का, पाणी नीट येतं का.

आणि तुमच्या गावातल्या जुन्या घराचं काय ठरलं? नमुना आठचा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा आणि घरपट्टीची शेवटची पावती पाठव. आत्याबाईंचं नाव त्यात आहे का, ते आधी पाहू. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दिलीप