बॉयलर बदलण्याआधी तो छोटा व्हॉल्व बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्याच्या तयारीवर जो लेख आला त्यात एक वाक्य आहे, की सेंट्रल हीटिंग, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून फिरवून सगळं घर तापवायची सोय, चालूच होत नसेल किंवा बंदच होत नसेल तर बॉयलरचं वय झालं असं समजा. ते वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण नेमका हाच सल्ला ऐकून आम्ही मागच्या हिवाळ्यात नऊ दिवस गारठलेल्या घरात काढले, घरात तीन महिन्यांचं बाळ, आणि शेवटी बिघाड निघाला तो कपाटात पाइपवर बसवलेल्या मुठीएवढ्या मोटराइज्ड व्हॉल्वमध्ये, म्हणजे मोटरने उघडणाऱ्या झडपेत. बॉयलरला काहीही झालेलं नव्हतं.

हा व्हॉल्व काय करतो ते थोडक्यात सांगते. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते फिरवतो, पण ते खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरकडे सोडायचं की नळाच्या गरम पाण्याच्या टाकीकडे, हे काम या व्हॉल्वचं. खाली पितळेची बॉडी, तिच्यातून पाणी जातं, आणि वर पत्र्याच्या डबीसारखं हेड, त्यात छोटी मोटर, गिअर, एक स्प्रिंग आणि मायक्रोस्विच, म्हणजे चिमुकलं बटण. थर्मोस्टॅटने, म्हणजे खोलीचं तापमान ठरवायच्या भिंतीवरच्या स्विचने, हीटिंग मागितलं की करंट आधी या मोटरला येतो, मोटर स्प्रिंगला रेटून व्हॉल्व उघडते, आणि तो पुरता उघडला की मायक्रोस्विच दाबला जातो आणि मग कुठे बॉयलर आणि पंपाला चालू व्हायचा निरोप जातो. म्हणजे अशा सिस्टीममध्ये थर्मोस्टॅट बॉयलरशी थेट बोलतच नाही, मधला निरोप्या हा व्हॉल्व आहे आणि निरोप्याच आजारी पडला तर बॉयलर कितीही धडधाकट असला तरी गप्प बसणार, त्यात त्याचा काय दोष.

आणि आजारी पडायला कारणही आहे. हीटिंग चालू असेपर्यंत ती मोटर स्प्रिंग ताणून धरून तशीच थांबलेली असते, फिरत नाही पण करंट चालूच, पाच-सहा वॉट फक्त, पण तासन्‌तास, वर्षानुवर्षं, त्यामुळे हेड सतत कोमट राहतं आणि कधीतरी मोटर जळते किंवा गिअरचे दाते झिजतात.

आमच्याकडे आलेल्या टेक्निशियनने कपाट उघडलंसुद्धा नाही, बॉयलर बघून बदलावा लागेल म्हणाला आणि गेला. त्या नऊ दिवसांत मी रोज रात्री थर्मोस्टॅट वर-खाली करून बघायचे, आणि आठव्या रात्री सहज कपाटात कान लावला तर काहीच आवाज नाही. चांगला व्हॉल्व उघडताना बारीक घरघर ऐकू येते आणि शेवटी टिक्‌ होतं. मग हेडच्या बाजूला असलेली चिमुकली दांडी बोटाने सरकवून बघितली. ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं: मोटरने व्हॉल्व उघडलेला असेल तर दांडी अगदी सैल लागते, काही जोरच लागत नाही, आणि व्हॉल्व बंद असेल तर तीच दांडी स्प्रिंगमुळे घट्ट लागते आणि सोडली की हळूहळू मागे येते. थर्मोस्टॅट पूर्ण वर होता आणि दांडी घट्ट होती, म्हणजे एकतर मोटरपर्यंत करंट येत नव्हता किंवा मोटर मेली होती. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने मीटर लावला, मोटरच्या वायरवर २३० व्होल्ट व्यवस्थित येत होते. म्हणजे मोटरच मेली होती. निदान झालं, पाच मिनिटांत.

उलटा बिघाडही होतो आणि तोच लोकांना जास्त चकवतो. थर्मोस्टॅट बंद केला तरी बॉयलर पेटलेलाच, कारण मायक्रोस्विच चिकटलाय किंवा स्पिंडल, म्हणजे बॉडीतला फिरणारा दांडा, जाम होऊन व्हॉल्व मागे फिरत नाहीये. किंवा उन्हाळ्यात फक्त नळाचं पाणी तापवताना वरचे रेडिएटरही कोमट होतात, म्हणजे व्हॉल्व नीट मिटत नाही, पाणी झिरपून पलीकडे जातंय. यातलं एकही दुखणं बॉयलरचं नाही!

आता बदलायचं काय, पूर्ण व्हॉल्व की नुसतं हेड, हे तर लेखात यायलाच हवं होतं. हेड उतरवल्यावर खाली स्पिंडलचं टोक दिसतं, ते बोटाने किंवा पकडीने अलगद फिरवायचं, मऊ फिरलं तर बॉडी ठीक आहे आणि नुसतं हेड बदलून भागतं, पाण्याचा एक थेंबही काढावा लागत नाही. आमचं तसंच झालं. स्पिंडल जाम असेल किंवा तिथून पाणी पाझरत असेल तरच सिस्टीम रिकामी करून बॉडी बदलायची, बॉडीवर बाण असेल तर त्याची दिशा बघून बसवायची, नट फिरवताना दुसऱ्या पान्याने बॉडी धरून ठेवायची नाहीतर पाइप पिळवटतो, आणि पाणी परत भरताना गंज रोखणारं केमिकल टाकायला विसरायचं नाही. काढलेलं पाणी काळंकुट्ट निघालं तर तो आतल्या लोखंडाचा गाळ आहे, तो धुतल्याशिवाय नवा व्हॉल्व बसवू नका, तोही अडकेल. काही जुन्या व्हॉल्वमध्ये मात्र हेड सोडलं की थेट पाणीच बाहेर येतं, त्यामुळे आपला कुठला प्रकार आहे ते बघितल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नुसता थर्मोस्टॅट बंद केला म्हणजे व्हॉल्वचा करंट गेला असं अजिबात नाही, मायक्रोस्विचकडे येणारी एक वायर कायम जिवंत असते. मेन बंद, फ्यूज काढून खिशात, टेस्टरने प्रत्येक वायर तपासून, जोडणीचा फोटो काढून मगच पुढे जायचं, आणि वायरिंगचा सराव नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनचंच. बॉयलरचं कव्हर तर कोणी उघडूच नये, गॅसचं काम परवानाधारक माणसाचं. कॉम्बी बॉयलरमध्ये, म्हणजे वेगळ्या टाकीशिवाय नळाचं पाणीही स्वतःच तापवणाऱ्या बॉयलरमध्ये, असा व्हॉल्व बहुतेक आतच असतो, तिथे आपण हात घालायचा नाही.

फक्त एकच रेडिएटर थंड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बऱ्याचदा रेडिएटरवरच्या नॉबखालची पिन अडकलेली असते, उन्हाळाभर बंद राहिल्यामुळे. नॉब काढून पिन दाबली की थोडी आत जाऊन परत वर यायला हवी. पकडीने ती उपटायला जाऊ नका, पाणी उडेल.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत त्या वाक्याच्या जागी चौकट टाकून छापा: हीटिंग चालू किंवा बंद होत नसेल तर आधी कपाटातला व्हॉल्व तपासून घ्या, आणि टेक्निशियन पाणी काढायला लागला तर त्याला विचारा, स्पिंडल हाताने फिरवून बघितलंत का. आमच्या घरात हेड बदलल्यावर पहिल्यांदा ती घरघर ऐकू आली, टिक्‌ झालं, आणि पाठोपाठ बॉयलर पेटल्याचा आवाज आला तेव्हा बाळ माझ्या कडेवर होतं, दोन स्वेटर घातलेलं.

आपली,
एक नियमित वाचक