कोन्चेत्ताकडे पाहताना

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

लुकिनो व्हिस्कोन्ती यांचा १९६३ सालचा ‘इल गात्तोपार्दो’ हा इटालियन चित्रपट पाहून तू भारावून गेलीस, हे वाचून आनंद झाला. पालेर्मोतल्या खऱ्याखुऱ्या राजवाड्यात चित्रित झालेला तो दीर्घ नृत्यसमारंभ आहेच तसा. त्या झगमगाटातून बाजूला होऊन, मरणासन्न वृद्धाच्या चित्रासमोर एकटा उभा राहणारा सिसिलीचा सरदार फाब्रित्सिओ मलाही विसरता येत नाही. मात्र आपला काळ संपला हे इतक्या शांतपणे ओळखणारा हा माणूस मला आदर्श वाटतो का, असे तू विचारले आहेस. तरुणपणी हा चित्रपट प्रथम पाहिला, तेव्हा मी ‘हो’ म्हणालो असतो.

मे १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी आपले हजारेक स्वयंसेवक घेऊन सिसिलीतल्या मार्साला बंदरात उतरला, आणि तेव्हाच फाब्रित्सिओला पुढचे सारे दिसले. जुन्या घराण्यांकडे नाव उरले होते, पैसा मात्र डॉन कालोजेरो सेदारासारख्या नवश्रीमंतांच्या हाती गेला होता. म्हणून आपला लाडका भाचा तांक्रेदी याच्यासाठी त्याने सेदाराच्या मुलीला, आंजेलिकाला, मागणी घातली.

पण त्याची स्वतःची मुलगी कोन्चेत्ता तांक्रेदीवर प्रेम करत होती. (आपल्या नात्यांत सांगायचे तर तो तिचा आतेभाऊ.) तिच्या मनातले हे गुपित पिर्रोने नावाचे पाद्री बापाच्या कानावर घालतात, तेव्हा तो तिच्याशी एक शब्दही न बोलता मनातल्या मनात हिशेब मांडतो: मालमत्तेच्या वाटण्या होणार, भाच्याच्या महत्त्वाकांक्षेला पैसा लागणार आणि कोन्चेत्ता तर लाजरीबुजरी. या हिशेबात एकही चूक सापडत नाही, आणि मला तेच जास्त लागते. पहिल्या वेळी मला कोन्चेत्ता दिसलीच नव्हती. तू दहा-बारा वर्षांची असताना पुन्हा पाहिला, तेव्हा मात्र जेवणाच्या टेबलावर आंजेलिका मोठ्याने हसत सुटते त्या क्षणी माझी नजर कोन्चेत्तावर गेली आणि तिथून हलेना.

शिकारीचा प्रसंग आठवतो ना? सिसिलीने एकसंध इटलीत सामील व्हावे का, या सार्वमतात आपण ‘नाही’ म्हणून मत दिले आणि निकालात मात्र एकही ‘नाही’ निघाला नाही, हे त्याचा शिकारीतला सोबती डॉन चिच्चो संतापाने सांगतो आणि फाब्रित्सिओ ते मनापासून ऐकून घेतो. त्याच संभाषणात तो भाच्याच्या लग्नाचा बेतही उघड करतो. गावातल्या एका गरीब माणसाचे दडपलेले मत ज्याला कळते, त्याला स्वतःच्या घरातला नकार ऐकावासा वाटला नाही, याचे मला फार दुःख होते. व्हिस्कोन्ती स्वतः मिलानच्या सरदार घराण्यातले आणि विचारांनी साम्यवादी होते. त्यामुळेच असेल, ते फाब्रित्सिओची थट्टाही करत नाहीत आणि त्याला पूर्ण माफही करत नाहीत.

नृत्यसमारंभ संपल्यावर पहाटे फाब्रित्सिओ सगळ्यांना गाड्यांतून घरी पाठवून एकटाच पायी निघतो. पूर्वी त्या वेळी माझे डोळे त्याच्यासाठी भरून यायचे. आता मला प्रश्न पडतो की, कोन्चेत्ता त्या रात्री कोणाशी बोलली असेल.

दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघे मिळून पुन्हा पाहू. जेवणाच्या प्रसंगात तू कोन्चेत्ताकडे बघ, मी तिच्या बापाकडे बघेन; आणि माझे कुठे चुकते आहे असे वाटले, तर तिथेच थांबवून मला सांग.

तुझे,
बाबा