समुद्रात ढकलला म्हणजे वाचवला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणच्या किनाऱ्याला डॉल्फिन किंवा देवमासा जिवंत लागला की बातमीचा शेवट बहुधा ‘ग्रामस्थांनी जीवदान दिले’ असा असतो. सोबतच्या छायाचित्रात चार जण शेपटी धरून ओढताना दिसतात आणि पाचवा डोक्यावर बादली ओतत असतो. त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण छायाचित्रात जे चाललेले असते त्यातले बरेचसे त्या प्राण्याला मारणारे असते. त्याची कारणे त्याच्या शरीरात आहेत, म्हणून हे पत्र.

या प्राण्यांचे पूर्वज चार पायांचे, खुरांचे होते. जम्मूतल्या कालाकोट परिसरातून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या जीवाश्मांमधून त्यांचा जवळचा नातलग, मांजराएवढा ‘इंडोहायस’ ओळखला गेला, त्याचे सविस्तर वर्णन 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. पाकिस्तानातला चार पायांचा आद्य देवमासा ‘पाकिसेटस’ सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा, तर कच्छमधला ‘कच्छिसेटस’ त्याच्या नंतरचा. पुढे वजन पेलायचे काम पाण्याने घेतले आणि मागचे पाय निरुपयोगी झाले. बरगड्यांची छातीच्या हाडाशी असलेली पकडही सैल झाली, कारण खोल बुडी मारताना छाती दबली जावी लागते. हाच प्राणी वाळूवर आला की ती सैल छाती त्याच्याच वजनाखाली दबते. प्रत्येक श्वासाला सगळे अंग उचलावे लागते. खालच्या बाजूच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरू लागतात आणि त्यांतले मायोग्लोबिन (प्राणवायू साठवणारे प्रथिन) रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पाडते.

घोटाळा इथे होतो. प्राणी पाण्यात ढकलला की दबलेल्या भागातले रक्त पुन्हा खेळू लागते आणि साचलेले विष अंगभर पसरते. तो पोहत निघून जातो, टाळ्या पडतात, आणि कित्येकदा दोन-तीन दिवसांनी तो कुणाला न दिसता मरतो. बातमीत मात्र तो वाचलेला असतो. शिवाय एकटा डॉल्फिन किनाऱ्याला लागतो तो बहुतेक वेळा आजारी, जखमी किंवा जाळ्यात गुदमरून अर्धमेला झालेला असतो, रस्ता चुकलेला नसतो. म्हणून परत सोडायचे की नाही हे पशुवैद्यकाने तपासून ठरवायचे आहे.

शेपटीचेही तसेच. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, डॉल्फिन वर-खाली. चौखूर धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा जसा वाकतो तीच ही हालचाल, आणि पोहण्याचे सगळे बळ तिथूनच येते. शेपटीला दोर बांधून ओढले की मणके निखळतात, स्नायू फाटतात. उलटे ओढताना डोक्यावरचे श्वासछिद्र पाण्याखाली जाते आणि प्राणी चक्क बुडतो. पुढचे दोन परही ओढायचे नाहीत, ते खांद्यातून निखळतात.

श्वासछिद्र म्हणजे नाकच, उत्क्रांतीत थोबाडाच्या टोकावरून माथ्यावर सरकलेले. श्वासनलिका आणि अन्ननलिका इतक्या वेगळ्या झाल्या आहेत की तोंडाने श्वास घेणे त्याला जमत नाही. छिद्र स्नायूच्या झडपेने बंद असते आणि श्वासापुरते क्षणभर उघडते. त्याच क्षणी बादली रिकामी झाली तर पाणी थेट फुप्फुसात. म्हणून माथ्यावर पाणी, ओले फडके, वाळू काहीही येऊ द्यायचे नाही.

मग पाणी घालायचे कुठे? पाठीवरच्या परावर, पुढच्या परांवर आणि शेपटीच्या पात्यांवर. कातडीखालच्या चरबीच्या थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, ती मुख्यत्वे या पातळ भागांतूनच जाते. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात आधी मारते ती ही साठलेली उष्णता. जुनी सुती चादर किंवा लुंगी भिजवून अंगावर टाकावी आणि सतत ओली ठेवावी. प्लास्टिक नको, खाली उष्णता कोंडते. बर्फ नको, तेल नको. ताडपत्री अंगापासून उंच बांधून सावली केली तर उत्तमच.

प्राणी कुशीवर असेल तर हळूहळू पालथा, पोटावर करावा. पुढच्या दोन परांखाली वाळूत खड्डे खणून त्यांत पाणी भरावे, म्हणजे पर दुमडून दबत नाहीत. लाटेला आडवा पडला असेल तर ती त्याला लोळवते आणि छिद्रात पाणी जाते, म्हणून अंग लाटेच्या दिशेला उभे करावे. हलवायचेच असेल तर ताडपत्री अर्धी गुंडाळून अंगाला लावावी, प्राणी थोडा कलता करून ती खाली सरकवावी, मग दुसरीकडे कलवून गुंडाळलेला भाग उलगडावा आणि झोळीसारखे उचलावे. दीड मीटरचा, पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज (डॉल्फिनचा लहान भाऊबंद) चार-सहा जणांना झेपतो. अडीच मीटरचा हंपबॅक डॉल्फिन 200 किलोच्या पुढे जाऊ शकतो, त्याला दहा-बारा जण तरी हवेत. शेपटीच्या टप्प्यात कुणी उभे राहू नये. एका फटक्यात मांडीचे हाड मोडेल.

दरम्यान एकाने घड्याळ लावून श्वास मोजावेत. डॉल्फिन मिनिटाला साधारण 2 ते 5 वेळा श्वास घेतो. आकडा 10 च्या पुढे गेला की तो संकटात आहे. मग माणसे मागे हटवावीत, आवाज बंद करावा, कुत्री हाकलावीत. श्वासातल्या तुषारांतून ब्रुसेलासारखे जंतू येऊ शकतात, तेव्हा तोंड छिद्राजवळ नेऊन सेल्फी नको. हे सगळे सुरू करण्याआधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन झालेला असावा.

पशुवैद्यकाने सोडायला हरकत नाही म्हटले, तरी पाण्यात नेऊन लगेच हात काढायचे नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात त्याला सरळ धरून हळूहळू डोलवावे. बधिर स्नायू सैल व्हायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. तो स्वतःहून सरळ राहून नीट श्वास घेऊ लागला की मगच लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे न्यावा.

काही वेळा उत्तर कठोर असते. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे सुमारे 20 फुटी पिलू लागले होते. अनेक तास राबून लोकांनी ते समुद्रात नेले, पण ते परत आले आणि मेले. निळ्या देवमाशाचे पिलू जन्मतःच जवळपास 7 मीटरचे असते आणि दिवसाला 200 लिटरच्या आसपास दाट, चरबीयुक्त दूध पिते. आईपासून तुटलेले असे पिलू कितीही आत नेऊन सोडले तरी जगत नाही, आणि ते दूध बाहेरून पुरवायची सोय आपल्याकडे नाही. अशा वेळी ओढाताण थांबवून सावली, शांतता आणि वेदना कमी करणारे औषध द्यावे. ‘काहीच केले नाही’ म्हणून अधिकाऱ्यांना धारेवर धरणाऱ्या पत्रकारांनीही हे समजून घ्यायला हवे.

मेलेल्या प्राण्याबाबत आपण आणखी घाईत असतो. दुर्गंधी सुटली की जेसीबी येतो आणि तासाभरात सगळे गाडले जाते. त्याआधी अर्धा तास द्यावा: वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत लांबी, डोके, पाठीवरचा पर आणि पोट यांची मोजपट्टीसह छायाचित्रे. पोटाकडचा फोटो लिंग सांगतो, मादीला जननछिद्राच्या दोन्ही बाजूंना स्तनांच्या चिरा असतात. दात टोकदार शंकूसारखे असतील तर डॉल्फिन, फावड्यासारखे चपटे असतील तर पॉरपॉइज. जाळ्याचे वळ अंगावर असतील तर तेही टिपावेत. कानाचे हाड अतिशय दाट असते, बाकीचे कुजले तरी टिकते. इंडोहायसचे देवमाशांशी असलेले नाते कानाच्या हाडावरूनच कळले होते. म्हणून पुरल्याची नेमकी जागा नोंदवून ठेवली तर नंतर सांगाडा काढता येतो. फुगलेल्या देवमाशाच्या पोटावर चढू नये किंवा त्याला भोसकू नये, आतला वायू जोराने बाहेर येतो.

शेवटी मच्छीमारांसाठी. हे सर्व प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जाळ्यात जिवंत सापडलेल्या संरक्षित प्राण्याला जाळे कापून सोडले तर राज्य सरकारच्या 2018 पासूनच्या योजनेत 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून सोडतानाची छायाचित्रे काढून ठेवावीत. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन बुडून मरतो तो काही मिनिटांत, तेव्हा आधी त्याचे डोके पाण्यावर धरावे आणि मगच सुरी शोधावी.

आपला,
समुद्री सस्तन प्राण्यांचा एक अभ्यासक, रत्नागिरी