उरलेले मैल सांगणाऱ्या कंट्रोलरला

प्रिय मुंबई अ‍ॅप्रोच,
स. न. वि. वि.

व्हॅटसिमवर, म्हणजे संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये (सिममध्ये) विमान उडवणाऱ्यांच्या ऑनलाइन जाळ्यावर, तुम्ही हौसेने, विनामोबदला मुंबईचं अ‍ॅप्रोच सांभाळता. उतरायला येणाऱ्या विमानांना वेक्टर (कुठे वळायचं याच्या सूचना) देताना दिशा आणि उंचीच्या जोडीला तुम्ही हमखास सांगता, "टचडाउनला 32 मैल", म्हणजे धावपट्टीला टेकेपर्यंत उडायचं उरलेलं अंतर. त्या एका आकड्याबद्दल आम्हा सिम वैमानिकांचे मनापासून आभार.

सिममधला आपोआप बोलणारा कंट्रोलर हा आकडा सांगत नाही. विमान उंच ठेवतो आणि धावपट्टी जवळ आल्यावर घाईने उतरायला लावतो. डीएमईवर (अंतर दाखवणाऱ्या रेडिओ उपकरणावर) विसंबावं तर ते सरळ रेषेतलं अंतर दाखवतं. डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाताना) तिथे 12 मैल दिसतात, तेव्हा उडायचे मैल 30 च्या पुढेही असू शकतात.

तुमचा आकडा मिळाला की हिशेब सरळ आहे: दर 1000 फुटांना 3 मैल, आणि वेग उतरवायला दर 10 नॉटना (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) 1 मैल. 7000 फुटांवर 250 नॉट असतील आणि 180 वर यायचं असेल, तर 21 अधिक 7, म्हणजे 28 मैल लागतात. 32 मध्ये हे आरामात बसतं. तुम्ही 24 म्हणालात तर स्पीडब्रेक (पंखांवरच्या, वेग आणि उंची कमी करणाऱ्या फळ्या) लगेच उघडायचे, बेसवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्यावर, वळेपर्यंत थांबायचं नाही.

तुम्ही ऑनलाइन नसता तेव्हाही हीच रीत कामी येते. धावपट्टीचा उंबरठा (उतरायच्या बाजूचं टोक) काटकोनात बाजूला आला की पुढचं डाउनविंड 10, बेस 6 आणि फायनल (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) 10, असे 26 मैल धरायचे. वेगाचे 7 वजा केले की 19 उरतात, म्हणजे उंची साधारण 6300 फूट हवी. त्याहून जास्त असेल तर डाउनविंड लांबवावं.

उत्तरेकडून रनवे 27 ला (पश्चिमेकडे तोंड करून उतरायला) आणताना तुम्ही शेवटची दिशा 240 च्या आसपास देता. लोकलायझर (धावपट्टीची रेषा दाखवणारा रेडिओ संकेत) 30 अंशांत कापला जातो आणि ऑटोपायलट पलीकडे जात नाही. शिवाय ग्लाइडस्लोप (उतरण्याचा उतार दाखवणारा संकेत) नेहमी खालून गाठून देता, हे फार मोलाचं. वरून गाठायला गेलं तर 9 अंशांच्या आसपासचा खोटा ग्लाइडस्लोप पकडला जायची भीती असते. एअरबसवर ती वेळ आलीच, तर आधी गिअर (चाकं) खाली, एफसीयूवरची (ऑटोपायलटच्या पॅनेलवरची) उंची विमानाच्या वर, मग व्हर्टिकल स्पीड उणे 1500 (मिनिटाला 1500 फूट खाली). 1000 फुटांपर्यंत विमान स्थिर झालं नाही तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

क्यूएनएच (आल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, लावायचा स्थानिक हवेचा दाब) वाचून परत म्हणायला लावता, तेही योग्यच. पावसाळ्यात मुंबईत तो 1003 पर्यंत उतरतो. आल्टिमीटर 1013 वर (प्रमाण दाबावर) राहिला तर विमान दिसतं त्यापेक्षा जवळपास 300 फूट खाली असतं आणि ग्लाइडस्लोप सुमारे मैलभर उशिरा भेटतो. समुद्रावरून रनवे 09 ला (पूर्वेकडे तोंड करून) येताना, धावपट्टी दिसत असली तरी लोकलायझर लावून ठेवा म्हणता. जुहूची धावपट्टी त्याच वाटेवर आहे, आणि 1972 साली जपान एअरलाइन्सचं डीसी-8 विमान सांताक्रूझ (मुंबईचा मुख्य विमानतळ) समजून तिथेच उतरलं होतं.

गर्दी वाढून क्रम बदलला, डाउनविंड लांबलं, की तुम्ही लगेच नवा आकडा देता: "आता 38 मैल." एका वेळी आठ-दहा विमानं सांभाळताना हे करणं किती अवघड आहे, याची आम्हाला जाणीव आहे. त्याबद्दल विशेष आभार.

आपले,
मुंबईला उतरणारे सिम वैमानिक