बीएड करायचं की आधी एमएस्सी?

संपादक महोदय,

माझी मुलगी यंदा बीएस्सी झाली आणि तिला हायस्कूलला गणित शिकवायचंय. आम्हाला वाटलं सोपं असेल, बीएड केलं की झालं. पूर्वी वर्षभराचं होतं, 2015 पासून दोन वर्षांचं झालंय, त्याआधी सीईटी द्यायची, ठीक आहे. पण नंतर काय ते कुणी नीट सांगतच नाही! एक क्लासवाले म्हणाले आधी टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, बॅच लावा, फी भरायला पण बसवलं होतं, मग घरी येऊन बघितलं तर टीईटीचा दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी असतो आणि हिला तर नववी-दहावीला शिकवायचंय. सरकारी, अनुदानित शाळांत भरती पवित्र पोर्टल या सरकारी वेबसाइटवरून होते आणि त्यासाठी टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, 200 मार्कांची. नावं पण अशी ठेवलीत की टीईटी आणि टेटमध्ये भल्याभल्यांचा गोंधळ होतो. शिवाय ही टेट 2017 ला झाली ती परत थेट 2023 ला, मधल्या वर्षांत बीएड झालेल्या पोरांनी काय करायचं, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून वाटच बघायची का?

माझं मत विचाराल तर एमएस्सी नंतर करता येईल, बीएड आधी करावं. टेट घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेचं ऑफिस पुण्यातच आहे, त्यांनी टेटची तारीख दरवर्षी ठरलेली ठेवावी एवढंच म्हणणं आहे.

– एक पालक, कोथरूड, पुणे