पूली सुटला होता, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत टेड पूली या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश यष्टिरक्षकाला तीन ओळींत उरकलंत. पैज लावली, तुरुंगात गेला, इतिहासातली पहिली कसोटी हुकली. खाली हसरं चित्र. वा!

पैजेबद्दल त्याला कोणी धरलं नव्हतं. न्यूझीलंडात क्राइस्टचर्चला इंग्लंडच्या संघासमोर स्थानिक 18 जणांचा संघ. प्रत्येकाच्या धावा आधी सांगायच्या; अंदाज चुकला की पूलीनं एक शिलिंग द्यायचा, बरोबर आला की एक पौंड घ्यायचा. पठ्ठ्यानं सगळ्यांपुढे शून्य सांगितलं! भोपळे भरपूर निघाले, पैज घेणारा पैसे देईना, मग रात्री हॉटेलात राडा. त्या सामन्यात पूली स्वतः पंच होता, तेव्हा तो साधुसंत नव्हता हे कबूल. मारहाणीचा दंडही झाला. पण नासधुशीच्या आरोपातून कोर्टानं त्याला सोडलं, हे तुम्ही गिळलंत. तोवर मार्च 1877 मधली मेलबर्नची ती पहिली कसोटी इंग्लंडच्या सेल्बीला यष्टींमागे उभं करून खेळूनही झाली होती.

याच पूलीनं 1868 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे या इंग्लिश परगण्याच्या संघाकडून ससेक्स परगण्याचे एका सामन्यात 12 बळी टिपले, 8 झेल आणि 4 यष्टिचीत. 70 वर्षं त्या आकड्याला कोणी गाठलं नाही. बोटं मोडून वेडीवाकडी झाली, आणि 1907 मध्ये लंडनमध्ये कंगालीत गेला. त्याला तुमच्याकडे ओळ नाही.

मला हे का झोंबतं? मीही यष्टिरक्षक. माझी उजवी करंगळी आजही कपाच्या कानात जात नाही. 1979 च्या पावसाळ्यात, मुंबईच्या कांगा लीग स्पर्धेत, स्लिपमधल्या आमच्या मित्रानं तीन झेल सोडले. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात (तुमच्या नव्हे, घाबरू नका) छापून आलं, 'यष्टिरक्षकाने तीन झेल सोडले.' मी भिजलेल्या बुटांनीच कचेरीत गेलो. 'बघतो' म्हणाले. अजून बघताहेत. आमच्या मामांनी ते कात्रण पाकिटात जपलं होतं आणि माझ्या लग्नात, पंगतीत, मोठ्यानं वाचून दाखवलं. सासरे हसले, पण त्यानंतर क्रिकेटचा विषय कधी काढला नाही.

तेव्हा पूलीच्या सुटकेची एक ओळ पुढच्या रविवारी छापावी. हसरं चित्र नको.

आणि हो, गेल्या गुरुवारच्या शब्दकोड्यात 17 उभा हा शब्द चार अक्षरी, चौकटी मात्र पाच. सकाळ वाया गेली.

आपला,
एक जुना यष्टिरक्षक, दादर