चि. सायलीस : कालव्यांच्या शहरात नऊ जणांची पायपीट

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "बाबा, अ‍ॅमस्टरडॅमची ती पायी फेरी कशी झाली ते एकदा नीट सांगा ना," आणि मी नेहमीप्रमाणे "छान झाली" एवढे बोलून फोन तुझ्या आईच्या हातात दिला. त्यावरून गेले दोन दिवस घरात ऐकून घेतो आहे. आईचे म्हणणे असे की, पोरीने परीक्षेच्या धामधुमीत स्वतःच्या पैशांनी आपल्यासाठी अडीच तासांची सोय केली आणि तिच्या वाट्याला दोन शब्द आले. तिचे म्हणणे खरे आहे, आणि फोनवर मला बोलता येत नाही हेही खरे आहे. म्हणून हे पत्र.

तू तिकिटे पाठवलीस तेव्हा मला ती कल्पना फारशी रुचली नव्हती. पाच-सहा वर्षांपूर्वी एका प्रवासी कंपनीबरोबर गेलो असताना, बेचाळीस माणसांच्या घोळक्यात एका उंच धरलेल्या छत्रीमागे धावत मी एक अख्खे शहर पाहिले होते, आणि पाहिले म्हणजे पुढच्या माणसाची टोपी पाहिली. गाईडचे बोलणे पहिल्या दहा जणांपर्यंत पोहोचे. ते हसले की मागचे आम्हीही हसत असू. त्यामुळे इथेही तेच होणार असे मी धरून चाललो होतो. नकाशा हातात आहे, पाय धड आहेत, मग गाव दाखवायला माणूस कशाला, असे मी आईला दोनदा ऐकवलेही होते.

ठरल्याप्रमाणे सकाळी दहाला आम्ही डाम चौकात पोहोचलो तेव्हा भुरभुर पाऊस सुरू होता. आम्ही सगळे मिळून नऊ जण होतो. गाईड पन्नाशीच्या बाई होत्या, पूर्वी शाळेत इतिहास शिकवत असत. हातात झेंडी नाही, गळ्यात माईक नाही. त्या गावच्या नियमाप्रमाणे २०२० पासून एका गाईडला पंधरापेक्षा जास्त माणसे बरोबर नेता येत नाहीत, आणि लाल दिव्यांच्या वस्तीतल्या खिडक्यांसमोरून गट फिरवायला तर त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून बंदीच आहे. चालायला लागण्याआधी बाईंनी प्रत्येकाला तो काय करतो ते विचारले. मी म्हटले, पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षे काढली. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग आज माझी परीक्षा आहे." त्या एका वाक्याने माझी अढी अर्धी गेली, हे तुला म्हणून सांगतो.

तेराव्या शतकात आम्स्टेल नदीवर जो बांध घातला, त्याच्याच जागेवर हा चौक आहे. गावाचे नावही नदी आणि बांध मिळून झालेले. १२७५ मध्ये हॉलंडचा सरदार, काउंट पाचव्या फ्लोरिसने त्या बांधापाशी राहणाऱ्या लोकांना जकात माफ केली आणि त्या कागदात गावाचा पहिला लेखी उल्लेख आला. जकातमाफीच्या कागदातून एखादे शहर इतिहासात शिरते, याचे माझ्यासारख्या पालिकेच्या माणसाला किती बरे वाटले असेल याची तू कल्पना कर.

चौकातला राजवाडा मुळात नगरपालिकेचे सभागृह म्हणून बांधला; १६४८ मध्ये काम सुरू झाले आणि १६५५ मध्ये इमारत वापरात आली. ती उभी आहे १३,६५९ लाकडी खांबांवर. तिथल्या शाळेतली मुले हा आकडा कसा पाठ करतात तर वर्षाचे ३६५ दिवस घ्यायचे, आधी एक लावायचा आणि शेवटी नऊ. खालची जमीन म्हणजे दलदल आणि मऊ माती, म्हणून घर बांधायचे तर आधी लांबच लांब ओंडके ठोकत खालच्या वाळूच्या थरापर्यंत न्यायचे आणि त्यांच्या डोक्यांवर घर बसवायचे. जुन्या घरांखाली हे ओंडके साधारण बारा मीटर खोल गेलेले आहेत.

इथे मला राहवले नाही. मी विचारले, लाकूड तीन-चारशे वर्षे कुजले कसे नाही? बेचाळीस जणांच्या घोळक्यात हा प्रश्न माझ्या तोंडून निघालाच नसता. बाईंनी उत्तर देण्याऐवजी माझ्याकडेच पाहिले, "तुम्हीच सांगा." मग मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले की, लाकूड पूर्ण पाण्याखाली असेल तर त्याला हवा मिळत नाही आणि हवा नसेल तर बुरशी धरत नाही, घात होतो तो पाणी उतरून ओंडक्यांची डोकी उघडी पडली की. त्यांनी मान डोलावली आणि पुढचे सांगितले. शहरातल्या कालव्यांची पातळी प्रमाण पातळीच्या, म्हणजे उंची जिथून मोजतात त्या शून्य रेषेच्या, सुमारे ४० सेंटिमीटर खाली कायम राखली जाते आणि दारे उघडून-मिटून, पंप चालवून रात्रंदिवस तिच्यावर लक्ष ठेवले जाते. सायली, बाहेरच्या माणसाला वाटते की या गावाला भीती आहे ती पाणी चढण्याची. ती आहेच, पण पाणी उतरण्याचीही तितकीच भीती असलेले गाव मी पहिल्यांदाच पाहिले. मी बत्तीस वर्षे टाकीची पातळी राखली ती नळाला पाणी यावे म्हणून. इथे घरे उभी राहावीत म्हणून पातळी राखणारी माणसे आहेत. त्यांतल्या एखाद्याशी बोलायला मिळाले असते तर मी उरलेली फेरीसुद्धा सोडली असती.

तिथून आम्ही बेगाइनहोफला गेलो. हा तुझ्या आईचा सगळ्यांत आवडता भाग, म्हणून तिच्याच सांगण्याप्रमाणे लिहितो. गजबजलेल्या बाजारपेठेच्या मागे एक दार आहे आणि आत हिरवळीभोवती घरांचा चौक. बेगाइन म्हणजे व्रतस्थ राहणाऱ्या ख्रिस्ती बायका, पण मठातल्या जोगिणींसारखे (नन) कायमचे व्रत त्यांना नसे. मनात आले तर बाहेर पडून लग्न करण्याची मुभा असे. त्यांतली शेवटची बाई १९७१ मध्ये वारली. आजही तिथे एकट्या राहणाऱ्या स्त्रियाच राहतात. म्हणून बाईंनी सगळी माहिती दाराबाहेरच सांगून टाकली आणि आम्हाला दोघादोघांना आत सोडले, बोलायचे नाही या अटीवर. आतमध्ये १५२८ च्या सुमाराचे एक लाकडी घर अजून उभे आहे. १४२१ आणि १४५२ च्या मोठ्या आगींनंतर लाकडी घरांवर निर्बंध येत गेले, म्हणून अशी घरे आता नावालाच उरली आहेत. आई बाहेर आली ती गप्पच. नंतर म्हणाली, "लग्नाचे दार उघडे ठेवून व्रत घ्यायचे, हे किती शहाणपणाचे." मी त्यावर काही बोललो नाही.

मग कालवे. ते पाठ करायला सोपे आहेत: सिंगेल, हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त. हेरेन म्हणजे मातब्बर, कायझर म्हणजे सम्राट, प्रिन्स म्हणजे राजपुत्र, आणि ग्राख्त म्हणजे कालवा. सिंगेल आधीपासूनचा; गाव वाढू लागले तेव्हा १६१३ पासून बाकीची तीन अर्धवर्तुळे आखून खोदली. २०१० मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. काठाची जागा महाग, म्हणून घरांचे तोंड चिंचोळे आणि पोट खोल. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली आणि तिला आकडा. जिने इतके अरुंद आणि उभे की सामान त्यांतून चढत नाही, म्हणून ते बाहेरून दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे. पुढे योर्डान भागात आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले: दोन तरुण खाली दोर धरून उभे, वर कप्पी कुरकुरते आहे, आणि एक आरशाचे कपाट ब्लँकेट गुंडाळून हळूहळू गोल फिरत तिसऱ्या मजल्याकडे चालले आहे. ब्लँकेट एका कोपऱ्यात सरकले होते, तेवढ्या आरशात एकदा आकाश दिसले, एकदा कालवा आणि एकदा आमचे नऊ जणांचे वर पाहणारे चेहरे. खिडकीतल्या मुलीने ते आत ओढून घेतल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या.

घरे पुढे झुकलेली दिसतात ती मुद्दाम तशी बांधली आहेत, वर चढणारे सामान भिंतीवर आपटू नये म्हणून. जी बाजूला कलली आहेत, त्यांचा मात्र पाया खचला आहे. बाईंनी हा फरक सांगितल्यापासून मी प्रत्येक घराकडे डॉक्टरसारखा पाहत होतो.

हेरेनग्राख्तच्या काठावर त्यांनी आवाज जरा खाली आणला. या हवेल्या कोणत्या पैशांतून उभ्या राहिल्या ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. १६०२ ची डच ईस्ट इंडिया कंपनी, मसाले, आणि दुसऱ्या बाजूला अटलांटिकपार गुलामांचा व्यापार. महापौरांचे सरकारी निवासस्थान याच कालव्यावर आहे, आणि ते गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीच्या एका संचालकासाठी बांधलेले होते. १ जुलै २०२१ रोजी महापौरांनी शहराच्या वतीने त्या पापाबद्दल जाहीर माफी मागितली. मला मात्र वेंगुर्ल्याची वखार आठवत होती. आपल्या जुन्या कागदांत ज्यांना वलंदेज म्हटले आहे, ते हेच लोक. वखारीच्या पडक्या भिंती मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्या वखारीतून गेलेल्या मालाचे पैसे कुठे जिरले असतील, याचा विचार कधी केला नव्हता. मी हे बोलून दाखवले तेव्हा बाईंनी वेंगुर्ल्याचे नाव वहीत लिहून घेतले.

याच सुमारास माझा एक पराक्रम झाला. तांबड्या रंगाची पट्टी ही सायकलींची वाट असते, हे तू मला दहा वेळा सांगितले होतेस. तरीही एका घराच्या माथ्याची नक्षी पाहत पाहत मी मागे सरकलो तो नेमका तिच्यावर. सत्तरीच्या एका आजीबाईंनी करकचून ब्रेक लावला आणि डच भाषेत माझा उद्धार केला. त्याचा अर्थ सांगायला गाईडबाईंनी ठाम नकार दिला. दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली कालव्यांतून बाहेर काढाव्या लागतात म्हणतात. त्यांत माझी भर पडता पडता राहिली.

एके ठिकाणी कालव्याच्या काठाला लोखंडी पत्रे ठोकून टेकू दिलेला होता. घोडागाड्यांसाठी बांधलेल्या भिंतींवरून आता ट्रक जातात. १ सप्टेंबर २०२० ला ग्रिमबुर्गवाल इथली भिंत कोसळून रस्ता पाण्यात गेला, आणि आता सुमारे दोनशे किलोमीटर भिंतींची तपासणी-दुरुस्ती करायची आहे. हा भाग इतरांना कंटाळवाणा वाटला असावा. एक इटालियन जोडपे बदकांचे फोटो काढत होते.

वेस्टरकेर्क चर्चपाशी थांबलो. १६६९ मध्ये चित्रकार रेम्ब्रांटला इथेच पुरले, पण नेमके कुठे ते कोणाला ठाऊक नाही, कारण थडगे भाड्याचे आणि बिननावाचे. तिथून चार पावलांवर प्रिन्सेनग्राख्त २६३. ६ जुलै १९४२ ला रोजनिशी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीचे कुटुंब नाझींपासून वाचण्यासाठी या इमारतीच्या मागच्या भागात लपले. पुढे एकूण आठ माणसे तिथे राहिली आणि ४ ऑगस्ट १९४४ ला पकडली गेली. परत आले ते एकटे वडील. आत जायचे तर तिकीट आधी ऑनलाइनच काढावे लागते, म्हणून आम्ही बाहेर उभे होतो. तेवढ्यात चर्चच्या मनोऱ्यातली घंटा वाजली. बाई म्हणाल्या, लपलेल्या मुलीलाही हीच घंटा ऐकू येत असे, आणि तिने तसे लिहून ठेवले आहे. त्यानंतर त्या पुढच्या पुलापर्यंत काहीच बोलल्या नाहीत, आणि आम्हीही नाही. घोळक्यात इतकी शांतता पाळता येत नाही, कोणीतरी हटकून विचारते की आता स्वच्छतागृह कुठे.

फेरी संपली ब्लूमग्राख्तवर. तिथे १६४२ ची तीन सारखी घरे आहेत, पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची. घरांना क्रमांक येण्याआधी भिंतीत बसवलेल्या कोरीव दगडावरून घर ओळखत. या तिन्हींवर एक शहरवासी, एक शेतकरी आणि एक खलाशी कोरले आहेत. आईने खलाशी पसंत केला. कारण विचारले तर म्हणाली, तो तरी घराबाहेर असतो.

निरोप घेताना मी बाईंना पातळीबद्दल पुन्हा विचारले. त्या म्हणाल्या, १६८० च्या दशकात योहानेस हुडे नावाच्या महापौरांनी, जे गणितीही होते, संगमरवरी दगडांवर आडव्या खाचा कोरून समुद्रबांधाची उंची नोंदवली. त्यांतला एक दगड एनहोर्नस्लाउस या जलद्वारात अजून जागेवर आहे, आणि त्यावर लिहिले आहे की बांधाची उंची शहरपातळीच्या नऊ फूट पाच इंच वर आहे. तिथून चालत फार लांब नव्हते; पण पाऊस वाढला होता, आईचे गुडघे बोलायला लागले होते आणि तुझ्याकडे परत येण्याची गाडी गाठायची होती. तेव्हा परीक्षा संपली की एखाद्या रविवारी तू जाऊन ये आणि त्या खाचेचा फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी धरून. आणि तांबड्या पट्टीवर उभी राहू नकोस.

तुझी आई आशीर्वाद सांगते; परत पाठवायची तुझी छत्री इथेच राहिली आहे.

तुझा,
बाबा